सर्व्हिसिंग करून आणलेली गाडी दोन दिवसांत ठप्प, आणि वर ‘लाईट चालू राहिली असेल सर’: सर्व्हिस सेंटरवाल्यांना खुलं पत्र

प्रति,
शहरातल्या सगळ्या अधिकृत कार सर्व्हिस सेंटरचे मालक, वर्क्स मॅनेजर आणि फोनवर आमच्याशी बोलणारे सर्व्हिस ॲडव्हायजर,

नमस्कार मंडळी,

मागणी एकच आहे, ती आधीच सांगून टाकतो म्हणजे ज्यांना पुढचं वाचायला वेळ नाही त्यांचं काम होईल. गाडी तुमच्या गेटमधून आत आली की बॅटरीचं व्होल्टेज मोजा आणि जॉब कार्डवर लिहा, गाडी बाहेर पडताना परत मोजा आणि गेट पासवर लिहा. बस एवढंच. याला नवीन मशीन लागत नाही, कंपनीची परवानगी लागत नाही, आणि वेळ म्हणाल तर बॉनेट तसंही तुम्ही उघडताच.

गाडी आत घेताना तुम्ही काय काय लिहून घेता बघा. किलोमीटर, पेट्रोलचा काटा कुठे आहे, डाव्या दारावरचा ओरखडा, स्टेपनी आहे का, जॅक आहे का, मॅट किती, डॅशबोर्डवरचा गणपतीसुद्धा लिहिता. म्हणजे गाडीतून काही कमी झालं असा आरोप उद्या यायला नको म्हणून तुम्ही किती काळजी घेता ते दिसतंच. पण गाडीतून सगळ्यात जास्त आणि सगळ्यात गुपचूप कमी होणारी गोष्ट म्हणजे बॅटरीतला चार्ज, आणि त्याला मात्र तुमच्या कार्डावर एक चौकोनसुद्धा नाही.

आता माझं काय झालं ते थोडक्यात. ठरलेली पिरिऑडिक सर्व्हिस, ऑइल-फिल्टर-ब्रेक साफ करणं वगैरे, शनिवारी संध्याकाळी तुमच्यातल्याच एका सेंटरचा पिकअप-ड्रॉपवाला मुलगा गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये लावून किल्ली देऊन गेला. (कुठलं सेंटर, कुठली कंपनी ते लिहिणार नाही, कारण माझ्या ओळखीतल्या वेगवेगळ्या गाड्यांच्या लोकांचं थोड्याफार फरकाने हेच रडगाणं आहे.) रविवारी गाडी काढलीच नाही. सोमवारी सकाळी ऑफिसला निघालो तर रिमोटला गाडी ओ देईना. लॉक उघडेना, इंडिकेटर लुकलुकेना, काहीच नाही. किल्लीच्या आतली ती लोखंडी पात बाहेर काढून दार उघडलं, आत बसलो, सेल्फ मारला, तर बॅटरी थोडी उतरलेली असली की जो टकटक आवाज येतो तोसुद्धा नाही, मीटरमधला दिवासुद्धा नाही. रोडसाईड असिस्टन्सचा माणूस आला, त्याने मीटर लावला तर सहा व्होल्ट आणि वर काहीतरी. त्यानेच मागच्या सीटच्या वरच्या लाईटकडे बोट दाखवलं. बटण ‘डोअर’वर असायला हवं ते ‘ऑन’वर होतं. मागे बसून मी कधी वाचत नाही, आणि त्या सीटवर शनिवारपासून कोणी बसलंही नव्हतं. शेवटचं कोण गेलं असेल तिथे तर व्हॅक्यूम मारणारा.

तुमच्या ॲडव्हायजरला फोन केला तर पहिलंच वाक्य, “सर तुमच्याकडून लाईट चालू राहिली असेल.” मी अजून लाईटचं काही बोललोच नव्हतो हो! गाडी सुरू होत नाहीये एवढंच बोललो होतो.

इथे जरा हिशोब मांडतो, कारण तुमच्यातल्या बऱ्याच जणांचं म्हणणं असतं की एवढ्याशा लाईटने काय होतंय, बॅटरीच खराब असणार. छोट्या पेट्रोल गाडीत साधारण ३५ एएचची (अँपिअर-अवरची, म्हणजे एक अँपिअर ३५ तास देईल एवढी) बॅटरी असते. आतला साधा ५ वॉटचा बल्ब १२ व्होल्टवर जवळपास ०.४ अँपिअर घेतो. शनिवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ म्हणजे धरा ३६ तास, झाले १५ एएच. म्हणजे बॅटरी फुल्ल असती तर निम्म्याच्या वर चार्ज उरला असता आणि गाडी कदाचित कुरकुरत का होईना सुरू झाली असती. पण बॅटरी फुल्ल होती का? तीच तर गंमत आहे. गाडी दिवसभर तुमच्याकडे होती, सकाळपासून दारं उघडी, आतल्या लाईट चालू, स्कॅनर लावून इग्निशन ऑन ठेवलेलं, इंजिन बंद, कोणीतरी गाणी लावलेली (रेडिओचं स्टेशन बदललेलं होतं म्हणून माहीत), हेडलाईट चेक करायला लावली आणि तशीच ठेवली. दोन हॅलोजन हेडलाईट मिळून ९-१० अँपिअर खातात, म्हणजे अर्धा तास विसरलात की पाचेक एएच उडाले. मग वॉशिंगला गाडी हलवा, तिथून परत बेवर (दुरुस्तीच्या जागेवर) घ्या, तिथून डिलिव्हरीच्या लाईनला लावा, प्रत्येक वेळी सेल्फ, आणि इंजिन चालतं किती तर एखादा मिनिट. लोकांना वाटतं सेल्फच बॅटरी खातो. सेल्फ शे-दीडशे अँपिअर खेचतो हे खरं, पण दोन सेकंद, त्याचा हिशोब एएचमध्ये किरकोळ येतो. खरा खर्च या बारीकसारीक गोष्टींचा, ज्या तासन् तास चालू राहतात आणि ज्याची भरपाई अल्टरनेटरला (इंजिन चालू असताना बॅटरी भरणाऱ्या यंत्राला) करायला मिळतच नाही. थोडक्यात तुमच्या गेटमधून बाहेर पडतानाच बॅटरी अर्धी झालेली असू शकते, आणि वरून लाईटचे १५ एएच म्हणजे खेळ खलास.

असू शकते असं म्हणतोय. नक्की सांगता येत नाही. का येत नाही? कारण कोणी मोजलंच नाही. बॅटरी रात्रभर शांत राहिल्यावर १२.६ दाखवत असेल तर फुल्ल, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, १२ च्या खाली गेली की सकाळी सेल्फ लागेल का नाही याची चिठ्ठी काढायची. गाडी नुकती चालून आलेली असेल तर आकडा थोडा फुगलेला दिसतो, हेडलाईट एक मिनिट लावून बंद केली की खऱ्याच्या जवळ येतो, हे तुमच्याकडच्या कुठल्याही जुन्या इलेक्ट्रिशियनला विचारा, तो सांगेल. आणि तुमच्याकडे तर नुसता मीटर नाही, तो स्लिप छापणारा टेस्टर आहे, व्होल्टेज, सीसीए (थंडीत सेल्फ मारायची बॅटरीची ताकद), ‘गुड’ का ‘रिप्लेस’ सगळं छापून देतो. पण त्याचा उपयोग कधी होतो? बॅटरी विकायची असेल तेव्हा. तेव्हा ती स्लिप फोटो काढून व्हॉट्सॲपवर येते आणि खाली एस्टिमेट.

माझ्या बाबतीत तेच झालं. जम्पर लावून गाडी सुरू केली आणि तुमच्याकडेच घेऊन आलो, तर टेस्टर लावला, ‘रिप्लेस’ आलं, आणि नवीन बॅटरीचं कोटेशन हातात. अहो पण साहेब, पूर्ण उतरलेल्या बॅटरीला टेस्टर लावून निकाल देता येत नाही, आधी ती चार्ज करावी लागते, मग टेस्ट. हे टेस्टरच्या स्वतःच्या स्क्रीनवर येतं, ‘चार्ज अँड रीटेस्ट’ म्हणून. उपाशी माणसाला जिना चढायला लावून त्याचं हृदय कमकुवत आहे असं सांगण्यासारखं आहे हे. मी बॅटरी काढून आमच्या कोपऱ्यावरच्या बॅटरीवाल्याकडे टाकली, त्याने तीन-साडेतीन अँपिअरवर रात्रभर चार्जिंगला लावली (बॅटरी जितक्या एएचची त्याचा दहावा भाग, एवढ्याच करंटने भरायची, हा त्यांचा जुना हिशोब), दुसऱ्या दिवशी शांत ठेवून मोजली, लोड टेस्ट केली, पास. घेतले किती तर एका चांगल्या थाळीचे पैसे. आणि तुम्ही मला नवीन बॅटरी विकत होतात, वर जुनी परत घ्यायचे पैसे कोटेशनमध्ये धरलेच नव्हते, तेही लक्षात आलं. जुन्या बॅटरीत शिसं असतं आणि त्याला बाजारात भाव आहे, हे कोपऱ्यावरच्या दुकानात आधी सांगतात, तुमच्याकडे विचारावं लागतं.

पास झाली म्हणजे सगळं ठीक झालं असं मात्र नाही, आणि इथे माझी खरी तक्रार आहे. लेड-ॲसिड बॅटरी एकदा पूर्ण उतरली आणि तशीच काही काळ पडून राहिली की आतल्या प्लेटींवर लेड सल्फेटचे खडे घट्ट बसतात, ते सगळे परत विरघळत नाहीत. तेवढी तिची ताकद कायमची गेली. गाडीची बॅटरी सेल्फला एक दणका द्यायला बनवलेली असते, पार तळाला जायला बनवलेलीच नसते. म्हणजे माझी चार वर्षं चालणारी बॅटरी आता किती चालेल ते देव जाणे, आणि ती बंद पडेल तेव्हा वॉरंटीत गेलं तर तिथे उत्तर ठरलेलं आहे, “बॅटरी फॉल्टी नाही, डिस्चार्ज झालेली आहे, चार्ज करून देतो.” बॅटरी कंपनी म्हणणार गाडीत लोचा, तुम्ही म्हणणार बॅटरीत लोचा, आणि दोघं मिळून म्हणणार कस्टमरची लाईट.

आणखी एक. त्या दिवशी तुमच्या फोनवरच्या मुलाने दिलेले सल्ले ऐकून अंगावर काटा आला म्हणून लिहितोय, कृपया ट्रेनिंगमध्ये सुधारा. पहिला सल्ला, “सर धक्का मारून सेकंड गिअरला सोडा.” बॅटरी अर्धवट उतरलेली असेल आणि गाडी मॅन्युअल असेल तर ठीक, पण पार शून्याला गेलेली असेल तर आजच्या गाडीत फ्युएल पंप चालत नाही, ईसीएम म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर उठत नाही, अख्ख्या सोसायटीने धक्का मारला तरी काही होणार नाही, नुसत्या ओळखी वाढतील. ऑटोमॅटिकला तर विषयच नाही. दुसरा सल्ला, “शेजारच्या गाडीवरून वायर लावा, प्लसला प्लस, मायनसला मायनस.” अर्धंच सांगितलं. लाल वायर आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला, काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि काळीचं शेवटचं टोक बंद गाडीच्या बॅटरीवर नाही लावायचं, इंजिनच्या उघड्या लोखंडी भागाला, बॅटरीपासून लांब. कारण शेवटच्या जोडाला ठिणगी उडतेच आणि बॅटरीतून हायड्रोजन सुटत असतो, तो पेटला तर ॲसिड तोंडावर. शिवाय ज्या गाड्यांमध्ये स्टार्ट-स्टॉप (सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू होणं) आहे त्यांच्या मायनस टर्मिनलवर बॅटरी सेन्सर बसवलेला असतो, म्हणून तिथे अर्थिंग बॉडीलाच द्यायचं असतं. मग शेजारची गाडी सुरू करून चार-पाच मिनिटं तशीच ठेवायची, आणि नंतरच सेल्फ. वायरी काढताना सगळं उलट्या क्रमाने. हे सगळं सांगायला दीड मिनिट लागतं, मी मोजून बघितलंय बायकोला समजावताना.

तिसरा सल्ला सगळ्यात आवडता, “सुरू झाली ना सर, मग एक चक्कर मारून या, होईल चार्ज.” नाही होत. अल्टरनेटर बॅटरीला टिकवून धरायला आहे, रिकाम्या बॅटरीला पोटभर भरायला नाही. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये एसी, हेडलाईट, वायपर लावून अर्धा तास फिरलात तर बॅटरीच्या वाट्याला येतं ते किती. परत रात्री उभी केली की सकाळी तेच. चार्जरवर सावकाश भरणं हाच उपाय, आणि हे वर्कशॉपने कस्टमरला सांगायला हवं, का कस्टमरने वर्कशॉपला?

गाडी सुरू झाल्यावर डॅशबोर्डच्या मीटरमध्ये स्टिअरिंगचा आणि ईएसपीचा (गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागला, ड्रायव्हरची काच एका झटक्यात वर जाईना, घड्याळ भलतीच वेळ दाखवायला लागलं. बॅटरी शून्याला गेली की हे होतं, आणि बहुतेक गाड्यांत स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून थोडं अंतर चाललं की दिवे आपोआप जातात, काच पूर्ण खाली-वर करून बटण धरून ठेवलं की परत शिकते. माझे दिवे तसेच गेले. तुमच्याकडे याला ‘स्कॅनिंग चार्जेस’ म्हणतात.

मुलांवर माझा राग नाही हे मुद्दाम लिहितो, कारण तुम्ही लगेच कोणाला तरी मेमो द्याल आणि विषय मिटवाल. वॉशिंगवर जो पोरगा आहे तो सकाळपासून ओल्या बुटात उभा असतो, त्याला भर उजेडात मागची लाईट चालू आहे का बंद हे दिसत नाही, दिसणारही नाही. त्याला दिवसाला इतक्या गाड्या काढायच्या असं तुम्हीच सांगितलेलं असतं. चूक त्याची असली तरी ती पकडायची जागा तुम्ही ठेवली नाही. डिलिव्हरीच्या आधी फायनल इन्स्पेक्शन म्हणून एक कागद असतो, त्यावर सगळ्या चौकोनांत एकाच पेनाने एकाच दमात टिक केलेलं असतं, आम्हालाही ते कळतं. त्यात ‘इंटिरियर लाईट: ओके’ असं पण होतं माझ्या कागदावर. ओके म्हणजे चालू असते का बंद असते, तेवढं विचारायचं राहिलं.

लाईट हा सगळ्यात सोपा प्रकार, तो डोळ्याला दिसतो तरी. तुमच्याकडून येणाऱ्या गाड्यांमध्ये अजून काय काय निघतं ते आमच्या बॅटरीवाल्याने सांगितलं तेव्हा हसावं का रडावं कळेना. टर्मिनल साफ करून परत बसवलं पण नट हातानेच फिरवला, घट्ट केलाच नाही, त्यामुळे बॅटरी चांगली असून चार्जच होत नाही. डॅशकॅम बसवून दिला आणि त्याची वायर इग्निशनच्या फ्यूजला न जोडता कायम चालू असलेल्या फ्यूजला जोडली. ओबीडी पोर्टमध्ये (स्टिअरिंगखाली स्कॅनर लावायच्या सॉकेटमध्ये) कसला तरी डोंगल तसाच राहिला. बॉनेटचा किंवा डिकीचा स्विच नीट बसला नाही, त्यामुळे गाडीला वाटतंय दार उघडं आहे आणि तिचा कॉम्प्युटर झोपतच नाही. गाडी बंद करून लॉक केली आणि सगळे कॉम्प्युटर झोपले की ५० मिलिअँपिअरच्या आत करंट खायला हवा, तेवढा घड्याळ, अलार्म, रिमोटचा रिसीव्हर यांना लागतोच. ३० मिलिअँपिअर जरी धरला तरी महिन्याला २१-२२ एएच होतात, म्हणून तर २०२० च्या लॉकडाऊनमध्ये प्रत्येक पार्किंगमध्ये गाड्या मान टाकून बसल्या होत्या. तो आकडा तीन-चारशेवर गेला की मग महिना नाही, दोन-तीन दिवस. हे शोधायला मायनसच्या वायरवर क्लॅम्प मीटर लावून गाडी लॉक करून अर्धा-पाऊण तास वाट बघायची, आणि जास्त दिसलं तर एकेक फ्यूज काढत जायचं. कंटाळवाणं काम आहे, मान्य. पण बॅटरी उतरल्याची तक्रार घेऊन आलेल्या गाडीचं हेच काम आहे, आणि तेच सोडून तुम्ही नवीन बॅटरी टाकता. मग तीही उतरते.

इलेक्ट्रिक गाडी घेतली की सुटलो असं समजणाऱ्यांसाठी पण सांगतो, त्यातही एक छोटी १२ व्होल्टची बॅटरी असते आणि ती उतरली तर खालची मोठी बॅटरी फुल्ल असूनही गाडी जागी होत नाही, कारण मोठ्या बॅटरीचा रस्ता उघडणारा रिले याच छोट्या बॅटरीवर चालतो. म्हणजे पुढच्या दहा वर्षांत हा प्रश्न तुमच्याकडून जाणार नाहीये, उलट अशी गाडी बंद पडली तर धक्का मारायची करमणूक पण नाही.

वेळ नाही असं म्हणू नका प्लीज. इंजिन ड्रेसिंग, एसी डिसइन्फेक्शन, अंडरबॉडी कोटिंग, हेडलाईट पॉलिश, हे सगळं मला प्रत्येक सर्व्हिसला फोन करून विचारलं जातं, नाही म्हटलं तरी एखादं बिलात येतंच आणि मग भांडून काढावं लागतं. त्या फोनमधला अर्धा मिनिट बॅटरीला द्या. आणि सर्व्हिसनंतर तिसऱ्या दिवशी जी मुलगी फोन करते, “सर दहापैकी दहा द्याल ना, नाहीतर आमचे मार्क कापतात,” तिला मी या वेळी दहा दिले नाहीत तर संध्याकाळी मॅनेजरचा स्वतः फोन! गाडी बंद पडली तेव्हा जे साहेब मीटिंगमध्ये होते तेच.

तर दोन आकड्यांच्या जोडीला एवढंच मागतो. सर्व्हिस होऊन तीन दिवसांच्या आत बॅटरी पूर्ण उतरली तर वाद न घालता माणूस पाठवा, बॅटरी तुमच्या खर्चाने सावकाश चार्ज करून द्या, तोवर दुसरी बॅटरी लावून द्या, आणि गाडी किती करंट खातेय ते मोजून कागदावर द्या. आत येतानाच ११.९ असेल तर तेही लिहा आणि माझी सही घ्या, मग खुशाल म्हणा की बॅटरी आधीच गेलेली होती, मी एक शब्द बोलणार नाही. हा आकडा तुम्हालाही वाचवतो हे तुमच्या लक्षात कसं येत नाही, कारण खोटं बोलणारे कस्टमर पण असतातच की, वर्षभर कडेला उभी असलेली गाडी सर्व्हिसला आणायची आणि बॅटरी तुम्ही घालवली म्हणायचं.

कायद्याचं एकदाच लिहितो, धमकी म्हणून नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये सेवेतली त्रुटी कशाला म्हणतात ते लिहिलंय, त्यात निष्काळजीपणा तर येतोच पण माहिती मुद्दाम दडवणंही येतं. १९१५ वर फोन करून तक्रार नोंदवता येते, जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, अर्ज ऑनलाईन होतो. एका बॅटरीसाठी कोणी तिथपर्यंत जात नाही हे तुम्हाला पक्कं माहीत आहे. पण जॉब कार्डच्या फोटोवर भांडायला सोसायटीच्या ग्रुपवर खूप लोक तयार आहेत, आणि पुढची गाडी कुठल्या शोरूममधून घ्यायची हे आजकाल तिथेच ठरतं.

माझी पुढची सर्व्हिस दिवाळीच्या आधी आहे. गाडी देताना ॲडव्हायजरसमोर बॉनेट उघडून मीच मीटर लावणार आहे, आणि कार्डावर ‘कस्टमर व्हॉइस’च्या रकान्यात पहिल्या ओळीत तो आकडा लिहायला सांगणार आहे. वाचणाऱ्या बाकीच्यांनीही लिहून घ्या, साधा डिजिटल मल्टिमीटर चार-पाचशे रुपयांत येतो. ॲडव्हायजर म्हणेल सिस्टिममध्ये हे टाकायला जागा नाही. तर पेनाने लिहा म्हणावं.

तुमच्या कस्टमर लिस्टमधला,
सध्या पार्किंगमध्ये रोज रात्री मागची लाईट बघून वर जाणारा एक गाडीवाला, पुणे